अस्वलाला कायदा, मोहाला काडेपेटी

महोदय,
सातपुड्यात अस्वल दिसले की व्हिडिओ गावभर फिरतो, वन खात्याची गाडी येते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत ते आहे, आणि ते रास्तच. पण चैत्रात हेच अस्वल ज्या मोहाच्या फुलांवर ताव मारते, त्या झाडाची विचारपूस कोण करतो? अस्वलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात; त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. मोहाची गरदार, गोड फुले तर आयतीच खाली पडलेली. ती गळतात रात्री-पहाटे, त्यामुळे माणसाची आणि अस्वलाची गाठ पडते तीही नेमकी मोहाखालीच.

फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. वेचणाऱ्या पावरा-भिल्ल बायाबापड्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. मीठ-मिरचीचा खर्च त्यातूनच निघतो. मात्र त्या आगीत कोवळी रोपे करपतात, आणि बी तेलासाठी आधीच वेचलेले असते. म्हातारी झाडे उभी, खाली रोप औषधाला नाही!

यावल-चोपड्याच्या पाड्यांवर फाल्गुन लागण्याआधी फुले झेलायला झाडाखाली बांधायच्या जाळ्या वाटाव्यात, म्हणजे पाला पेटवावा लागणार नाही. अस्वल पकडायच्या पिंजऱ्यापेक्षा स्वस्त पडतील.

– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)