फिजिओ मॅडमना एक जाहीर पत्र

सप्रेम नमस्कार मॅडम,

तोंडी आभार मानले की तुम्ही हसण्यावारी नेता, म्हणून चार लोकांसमोर लिहितोय.

चढाईत बोनस रेषेकडे पाय टाकला की मांडीची मागची शीर धरते, ही आमच्या कबड्डीच्या पोरींची नेहमीची तक्रार. आमच्याकडचा इलाज म्हणजे तेल लावून रगडणं. तुम्ही मात्र आधी मोजमाप घेतलंत. पोरीला उताणी झोपवून मांडी 90 अंशांत उभी धरायची, गुडघा सरळ करायला सांगायचं आणि तो किती अंश कमी पडतो ते वहीत लिहायचं.

मग तुमच्या हाताची करामत. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची पद्धत, असं तुम्ही सांगितलंत. वाकवलेला पाय तुमच्या खांद्यावर, पोरीनं खांदा ढकलायचा, मग अंग सैल सोडायचं, की पाय आणखी वर! पोरी बघतच राहिल्या. दुसरी एखादी असती तर तिथंच भाव खाऊन गेली असती. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलंत. मिळालेलं बरंचसं ओसरलं होतं. स्नायू एका बैठकीत लांब होत नाही, ताण सोसायची तयारी तेवढी वाढते, हे तुम्ही ज्या सरळपणानं सांगितलंत त्याला माझा सलाम. हातावर पोट असणाऱ्या माणसानं हाताची मर्यादा सांगणं सोपं नसतं.

टिकाऊ काम व्यायामाचं, असं म्हणून रोजचा 30 सेकंदांचा ताण दिलात. 60 कशाला नको, तर 1994 च्या बँडी आणि आयरियन यांच्या अभ्यासात त्यानं जास्त काही मिळालं नव्हतं. जोडीला नॉर्डिक: जोडीदारणीनं घोटे दाबून धरायचे आणि गुडघ्यांवरून अंग सावकाश पुढं सोडायचं. पहिल्या आठवड्यात पोरींनी तुम्हाला मनोमन काय काय म्हटलं असेल ते लिहीत नाही.

आमच्या डाव्या कोपऱ्याच्या पोरीचं तर खास. बसून पाय लांब केल्यावर मान खाली घातली की तिची ओढ वाढायची, मान वर केली की कमी व्हायची. हे स्नायूचं नाही, नसेचं दुखणं दिसतंय, असं म्हणून तुम्ही तिचं ताणणं बंद केलंत आणि पाय-मान हळूच हलवायचे हलके प्रकार दिलेत. मी तिला आणखी ताणायलाच लावलं असतं.

सामन्याआधी लांबलचक ताण नको, पाय झुलवून अंग गरम करायचं, हे आता पोरीच मला ऐकवतात. जिल्हा स्पर्धा जवळ आलीय. नक्की या, माझ्या शेजारची खुर्ची तुमची.

आपला,
पोरींचा प्रशिक्षक