चष्मा हातात धरणाऱ्या ताईंना

नमस्कार.

मायना काय लिहावा यातच दोन दिवस गेले. चि. लिहावं तर तुम्ही माझ्या खाण्यापिण्यातल्या गुरू. आदरणीय लिहावं तर तुम्ही माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि ‘काका, आदरणीय कुणाला म्हणताय?’ म्हणून हसत सुटाल. शेवटी नुसता नमस्कार घातला. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून तुमचंही लिहीत नाही आणि दवाखान्याचंही नाही. जिन्याखालची ती खोली, दोन खुर्च्या आणि एक वजनकाटा ठेवला की तिसऱ्या माणसाला आत यायला जागा नाही. तिथे येऊन गेलेल्यांना तेवढ्यावरून कळेल.

काल पँट शिवायला टाकायला गेलो होतो. आमच्या शिंप्याने कमरेला टेप लावली, वहीतलं जुनं माप बघितलं, पुन्हा टेप लावली आणि हळूच विचारलं, “मुनीमजी, तबीयत तो ठीक है ना?” बेचाळीसची कंबर सदतीस झाली होती. त्याला वाटलं, मला काहीतरी मोठं दुखणं झालंय. मी हसून ‘सब ठीक’ म्हटलं खरं, पण तिथून निघाल्यावर कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत (होळकरांच्या समाध्या) येईतो डोळे भरून आले. सत्तावन्न वर्षांचा माणूस पँटच्या मापावरून रडतो, हे लाज वाटण्यासारखं आहे. पण रडू आलं, आणि घरी आल्यावर हे पत्र लिहायला बसलो.

आधी कुठे कुठे जाऊन आलो ते तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.

काचेचा दरवाजा असलेलं एक चकचकीत ठिकाण होतं. तीन महिन्यांचं पॅकेज, पैसे आधी. काट्याशेजारी एक मुलगा उभा असायचा. पलीकडे संगणकावर बसलेल्या मुलीला टिपता यावं म्हणून तो आकडा ओरडून सांगायचा, “नाइन्टी फोर पॉइंट टू!” मंडीत कांद्याचं पोतं तोललं की हमाल पुकारतो ना, अगदी तसं. सोफ्यावर बसलेली मंडळी मान वर करून पोतं बघून घ्यायची. मग एक छापील कागद हातात मिळाला. वरच्या भागात ओट्स, ब्राऊन ब्रेड, उकडलेली ब्रोकोली. खालच्या भागात लाल अक्षरांत ‘बंद’ आणि त्याखाली यादी: पोहे, जिलबी, शेव, साबुदाणा, बटाटा, भात, आंबा. माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंच्या हातातही तोच कागद होता आणि मागच्या कॉलेजकुमाराच्याही. इंदूरच्या माणसाला सकाळी पोहे बंद! माझ्या वडिलांनी मरणाच्या आदल्या दिवशी दोन चमचे का होईना, पोहे मागून खाल्ले होते.

तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. पुढच्या सहा महिन्यांत अकरा चढले. तक्रार घेऊन गेलो तर म्हणाले, तुमच्यात इच्छाशक्ती कमी आहे, पॅकेज पुन्हा घ्या.

एका मोठ्या डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, “तोंडाला कुलूप लावा. दुसरं औषध नाही.” दीड मिनिटात बाहेर. आमच्या मेहुण्यांबद्दल इथे लिहीत नाही, ते हे वाचतील.

कुलूप लावलं की माणूस चोर होतो, हे त्या डॉक्टरांना कुणी सांगितलं नसावं. मी घरात पाण्यासारखं सूप प्यायचो आणि रात्री दहानंतर ‘जरा चक्कर मारून येतो’ म्हणून सराफ्यात जायचो. सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन ओट्यांसमोर कढया लागलेल्या असायच्या. उभ्याउभ्या गराडू (तळलेला कंद), मग भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा कीस, मग ‘आता पाप झालंच आहे तर’ म्हणून खव्याची मावाबाटी. चव कसली, घाईच घाई. कुणी ओळखीचं दिसलं की खांबाआड. घरी शिरण्याआधी मिशीवरचं जीरावन, म्हणजे वर भुरभुरवलेला मसाला, रुमालाने पुसायचं. एकदा ते नीट पुसलं गेलं नाही. बायकोने बघितलं, ती काहीच बोलली नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

या अवस्थेत मी तुमच्याकडे आलो. शहाण्णव किलो, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती तपासणी ६.३, वडिलांना मधुमेह. काट्यावर चढायच्या आधी मी नेहमीचा विधी सुरू केला. हा विधी फक्त जाड्या माणसांनाच ठाऊक असतो. चपला काढल्या, घड्याळ काढलं, पाकीट, किल्ल्या, पट्टा, खिशातलं पेन. माझ्यासारखा जमाखर्चातला माणूस ग्रॅम ग्रॅम वाचवत होता. दुसऱ्या कुणी ‘काका, त्याने काय फरक पडणार आहे!’ म्हटलं असतं. तुम्ही उठलात, हात पुढे केलात आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालात, “चष्मा राहिला. त्याचं वजन मी धरते.”

मी हसलो. एखाद्या दवाखान्यात मी पहिल्यांदाच हसलो असेन. चष्मा तुमच्या हातात दिला आणि काट्यावर चढलो. माझा नंबर उणे सहा. चष्म्याशिवाय पायाखालचा आकडा म्हणजे नुसतं लाल धुकं. तुम्ही वाकून पाहिलंत, वहीत लिहिलंत, वही मिटलीत आणि चष्मा ओढणीला पुसून मला परत दिलात. आकडा मोठ्याने नाही आणि हळूही नाही, तुम्ही उच्चारलाच नाहीत. ‘बसा’ म्हणालात आणि थेट विचारलंत, “घरात तेलाचा डबा किती दिवस पुरतो?”

तुम्ही हे मुद्दाम केलं होतंत हे मला घरी गेल्यावर, रात्री अंथरुणात कळलं. पुढचे दोन महिने दर गुरुवारी तेच. पट्टा, घड्याळ, किल्ल्या आणि शेवटी चष्मा तुमच्या हातात. दोन महिन्यांनी एकदा मी काट्यावर असतानाच तुम्ही चष्मा माझ्या नाकावर ठेवलात आणि म्हणालात, “आज बघा.” ब्याण्णव. मग आपण दोघांनी त्या खोलीत उगाचच हात मिळवले.

बाकी काय शिकवलंत ते सविस्तर लिहीत नाही, कारण ते प्रत्येकाचं वेगळं असतं असं तुम्हीच म्हणता. पण तेलाच्या डब्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पाच लिटरचा डबा, घरात तीन माणसं, पंचवीस दिवस. ‘तुम्ही हिशेबाचे माणूस, तुम्हीच मांडा,’ म्हणालात. मी तिथेच पावतीच्या मागे मांडला. माणशी रोज जवळजवळ साठ ग्रॅम तेल. तेलाच्या ग्रॅमला नऊ कॅलरी, साखर-पिठाच्या ग्रॅमला चार. म्हणजे साडेपाचशेच्या आसपास कॅलरी नुसत्या फोडणीत, तळणीत आणि पराठ्यावर. हा खर्च मी चाळीस वर्षं कुठल्याच खात्यावर टाकला नव्हता! त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझ्या इच्छाशक्तीला सोडून माझ्या रोजकीर्दीला हात घातला. तोच डबा आता चाळीस दिवस जातो. भाजीची चव बदलली का? पहिला आठवडा बदलल्यासारखी वाटली. मग विसरलो.

आणि पोहे. तुम्ही म्हणालात, “पोहे कुठे बंद करताय? आपल्याकडचे पोहे वाफेवर ठेवतात, त्यात तेल फार नसतंच.” खरंच की. पाण्याच्या आधणावर ती परात ठेवलेली असते, सबंध जन्म बघत आलोय. गडबड वरच्या मूठभर शेवेत होती, पाठोपाठच्या तीन जिलब्यांत होती, आणि ‘गरम निघाली आहे तर बघू’ म्हणून घेतलेल्या कचोरीत होती. आता पोहे तेच, त्यावर कांदा, डाळिंबाचे दाणे, बडीशेप, शेव चिमूटभर, जिलबी एक, आणि तीसुद्धा बसून, सावकाश. (पुण्याचा भाचा पोह्यांत बडीशेप पाहून नाक मुरडतो. मुरडू दे.) घरी केले तर त्यात मोड आलेले मूग. कचोरी महिन्यातून एकदा, पण ती अख्खी, आणि अपराध्यासारखं न खाता.

सगळंच जमलं असं नाही. घरी उकडून तव्यावर परतलेला गराडू सराफ्यासारखा लागतो असं तुम्ही म्हणाला होतात. नाही लागत, ताई. तो थंडीत तिथेच खावा. आणि जीरावन कितीही चालेल ना, असं मी विचारलं तेव्हा ‘त्यात मीठ असतं काका, तुमचं बीपी?’ म्हणून तुम्ही माझा शेवटचा आनंदही मोजून दिलात.

पण सराफा तुम्ही बंद केला नाहीत, त्याबद्दल हात जोडून आभार. तुमची अट विचित्र होती: महिन्यातून दोनदा, घरून वरण आणि कोशिंबीर खाऊन, आणि एकट्याने जायचं नाही, काकूंना घेऊन जायचं, एका प्लेटमध्ये दोघांनी खायचं. मला वाटलं, निम्मं पोटात जावं एवढाच त्यातला डाव. पहिल्या खेपेला भुट्ट्याच्या कीसाचा द्रोण मध्ये धरून आम्ही दोघं उभे होतो. गर्दी, धूर, तव्याचा खणखणाट. बायकोने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “एकतीस वर्षांत तुम्ही मला इथे रात्री आणलंच नव्हतं.” मला काही उत्तर देता आलं नाही. मी तिच्या बाजूला लिंबू पिळलं.

दिवाळीनंतरचं तुम्हाला आठवत असेलच. फराळ, दोन लग्नं, दाल-बाफल्याची एक पंगत, आणि दीड किलो परत. मी लाजेने तीन गुरुवार चुकवले. जुनी सवय, आकडा वाढला की पळून जायचं. चौथ्या गुरुवारी तुमचा फोन आला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही विचारलंत, “काका, तुमचा चष्मा इथे राहिलाय का?” मी म्हटलं, “नाही, माझ्या नाकावर आहे.” तुम्ही म्हणालात, “मग नाकासकट या.”

आलो. काट्यावर चढलो. तुम्ही लिहिलंत, वही मिटलीत आणि विचारलंत, “बाफल्यांवर तूप कुणी वाढलं?” मी म्हटलं, सासूबाईंनी. “मग तुमचा काय दोष!” एवढं बोलून पुढच्या आठवड्याचं सुरू. त्या चकचकीत ठिकाणी दीड किलोसाठी मला नवं पॅकेज विकलं असतं.

चौदा महिन्यांत तेरा किलो. जाहिरातीत छापण्यासारखा हा आकडा नाही, तिथे तर म्हणे महिन्यात दहा उतरतात. साखर ५.८ वर आली आहे. कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, अजून चार बाकी आहेत. रामबागेतून क्लॉथ मार्केटला पायी जातो, त्यामुळे पेढीवर पाच मिनिटं उशीर होतो आणि शेठजी घड्याळाकडे बघतात. बघू देत.

या वयात मला एक गोष्ट नव्यानेच दिसायला लागली आहे. आमचा पोहेवाला, ज्याला मी पहिल्या दिवशी चोरट्या आवाजात ‘सेव कम’ सांगितलं, त्याने ना कारण विचारलं ना थट्टा केली. दुसऱ्या दिवसापासून न सांगता चिमूटभरच टाकतो आणि वर डाळिंबाचे दाणे जरा जास्त. बँकेतली खिडकीवरची एक मुलगी, म्हाताऱ्यांची स्लिप चुकली तर ‘मीच उलटी दिली होती’ म्हणून नवी देते. बसमधला एक कंडक्टर, सुट्टे नसलेल्या बाईला सगळ्यांदेखत काही न बोलता पुढच्या स्टॉपवर उरलेले पैसे देतो. ही माणसं आधीही असणार, माझंच लक्ष स्वतःच्या पोटाकडे होतं. यांना कुणी पदवी देत नाही, आणि समोरच्याचा आकडा न पुकारणं हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवतही नसतील. तुम्ही कुठे शिकलात, एकदा विचारायचं आहे. आईकडून असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

शिंप्याने पँट मंगळवारी देतो म्हटलंय, म्हणजे शुक्रवार धरून चाला. या गुरुवारी जुन्याच पँटमध्ये येईन, पट्ट्याला नवं भोक पाडून. आकडा आता मी बघतो, तरी चष्मा तुमच्याच हातात देणार. हल्ली तुम्ही तो माझ्यापेक्षा स्वच्छ पुसता.

तुमचा,
गुरुवारचे साडेपाचवाले काका

ता. क. सोबत जीरावनाची पुडी पाठवतोय, बायकोने घरी कुटलेलं. मीठ कमी घातलंय, हे तिने मुद्दाम लिहायला सांगितलंय.