डोकेदुखीवर रोजची गोळी हा उपाय नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

उन्हाळा तापू लागला की सोलापुरातल्या औषधांच्या दुकानांत ‘डोकं ठणकतंय, मळमळतंय, पित्ताची आणि डोक्याची एकेक गोळी द्या’ ही मागणी दिवसभर सुरू असते. अशाच एका दुकानात मी बरीच वर्षे काम करते आणि तीच माणसे पुन्हा पुन्हा त्याच गोळीसाठी येतात याची काळजी वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

त्रास खरा असतो, पण त्याचे मूळ दर वेळी पित्तातच असते असे नाही. पारा चाळिशीपार गेलेला असताना यंत्रमागावर उभ्याने शिफ्ट करणाऱ्याच्या अंगातून घामावाटे पाणी आणि क्षार दोन्ही जातात, आणि तेवढ्यानेही डोके जड होऊन मळमळू शकते. विड्या वळणाऱ्या बायकांचे हाल वेगळेच आहेत. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून पान कापायचे, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, असे तासन्‌तास चालते. मजुरी हजार विड्यांमागे मिळत असल्यामुळे सारखे उठावे लागू नये म्हणून त्या पाणीच कमी पितात, सकाळच्या चहावर दुपार काढतात आणि तंबाखूची धूळ नाकातोंडात जात राहते ती निराळीच. आखडलेली मान, उपाशी पोट, पाण्याची कमतरता आणि तंबाखू यांपैकी कशानेही डोके दुखू शकते. इथे तर चारही एकत्र आलेले असतात.

डोक्याची एक बाजू ठणकत असेल, उजेड आणि आवाज सोसवत नसेल, उलटीची भावना होत असेल आणि हा त्रास ४ ते ७२ तास टिकून पुन्हा पुन्हा उद्भवत असेल, तर ती बहुधा अर्धशिशी असते. ती अनेक घरांत आईप्रमाणे मुलीलाही होते आणि मासिक पाळीच्या सुमारास वाढते. तिच्यावर वेगळी औषधे आहेत, ती डॉक्टरांनीच ठरवायला हवीत. चष्म्याचा नंबर आणि रक्तदाबही एकदा तपासून घ्यावा.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट वेगळीच आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र औषधांची गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी काही महिने घेतली गेली, तर त्या गोळीमुळेच डोके दुखू लागते; मग दुखते म्हणून गोळी आणि गोळीमुळे पुन्हा दुखणे, असे चक्र सुरू होते. शिवाय अंगात पाणी कमी असताना उपाशीपोटी घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला अपाय करतात.

घरच्या घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. अंधाऱ्या, गार जागी पडून राहावे, कपाळावर ओले फडके ठेवावे, घोट घोट पाणी किंवा ओआरएस प्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचाच घ्यावा, मीठ त्याहून जास्त होऊ देऊ नये. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. मळमळ ओसरली की दहीभातासारखे हलके अन्न घ्यावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत डोके दुखले तो दिवस आणि गोळी घेतली तो दिवस अशा दोन खुणा करत गेल्यास डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते.

काही वेळा मात्र घरी थांबूच नये. अचानक कधी नव्हे इतके तीव्र दुखणे, तापासह मान ताठणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या होणे, उन्हातून आल्यावर बरळणे किंवा भान हरपणे, गरोदरपणात डोकेदुखीबरोबर नजर अंधुक होणे, यांपैकी काहीही दिसल्यास लगेच १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही अंगावर काढू नये.

कारखानदारांनी मागांजवळ पिण्याच्या पाण्याची आणि विडी कारखान्यांत स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहांची सोय करावी, आणि वारंवार गोळी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही दुकानदारांनीही ‘किती दिवसांपासून घेताय?’ एवढे विचारावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, सोलापूर