तक्रार: पाखरं आत कोंडली आणि जाळी रुईत उतरली

दिनांक: १२ जानेवारी २०२६

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख,
नागपूर शाखा

विषय: राळेगाव तालुक्यातील (जि. यवतमाळ) आमच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये मे २०२५ मध्ये आपण केलेल्या पक्षीरोधक कामाबाबत तिसरी लेखी तक्रार.

महोदय,

पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलेलं नाही. फोन केला की आपल्याकडची मुलगी गोड आवाजात सांगते, "आपली तक्रार नोंदवली आहे." नोंदवून झाल्यावर त्या तक्रारीचं पुढं काय होतं, ते तिलाही माहीत नसावं. म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहितो आहे. लांबलं तर वाचायचा त्रास घ्यावा, कारण जाळी रोज थोडी थोडी खाली उतरते आहे आणि ती कुठं उतरते आहे हे पुढं सांगतोच.

आमच्याकडे रेचा हॉल (रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र), रुई दाबून गठाणी बांधायचा प्रेस हॉल, सरकीचं गोडाऊन आणि रस्त्याकडेला छोटं ऑफिस आहे. शेजारी तूर-हरभऱ्याचं गोदाम. तिथं सांडलेले दाणे टिपायला कबुतरं येतात आणि मुक्कामाला आमच्या कैच्यांवर, म्हणजे छत पेलणाऱ्या चौकटींवर, बसतात. खाली कापसाची गंजी. पीस एकदा कापसात पडलं की रेच्यातून रुईत जातं, रुईतून गठाणीत, आणि १७० किलोच्या गठाणीत ते नेमकं कुठं दडलं आहे हे थेट सूतगिरणीत कळतं. मग तिकडून फोन येतो. तेव्हा कबुतरं नकोत हे खरंच आहे, आणि पाखरांच्या प्रेमापोटी मी आपल्या कामाला नाक मुरडतो आहे असा समज करून घेऊ नका.

पण मालकांची एक अट होती, की एकही पाखरू मरता कामा नये. आपल्या प्रतिनिधींनी ती हसत मान्य केली आणि कोटेशनमध्ये स्वच्छ लिहूनही दिलं: काम सुरू करण्याआधी घरट्यांची पाहणी, आतल्या पाखरांना बाहेर पडता येईल पण परत येता येणार नाही असं एकतर्फी दार, आणि उन्हाला टिकणारी, पाच वर्षांच्या हमीची जाळी. ठरलेली रक्कम १,८४,००० रुपये. त्यातले १,१०,००० आम्ही आगाऊ दिले. कोटेशनची प्रत सोबत आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात चार पोरं आणि एक शिडी आली. ऊन असं की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. पाहणी कुणी केली नाही. आमच्याकडे कापूस निवडायला येणाऱ्या एका बाईनं त्यांना हात धरून दाखवलं, "भाऊ, त्या कैचीवर कबुतराइची पिल्लं हायेत, अन् तिकडं प्रेसच्या कोपऱ्यात घुबड बसते." उत्तर मिळालं, "निघून जातील, मावशी." एकतर्फी दार बसवलंच नाही. विचारलं तर म्हणाले, गाडीत राहिलं. तीन दिवसांत सगळं बंद करून पोरं निघून गेली.

चौथ्या रात्री चौकीदाराला प्रेस हॉलमधून फुसफुस ऐकू आली. साप समजून तो काठी घेऊन गेला. वर बीमच्या मागं गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं होती. बाहेर जाळीत त्यांची आई पाय अडकून उलटी लटकलेली होती. जाळी तारेवर ताणून बांधलेली नव्हती, धोतरासारखी सैल सोडलेली होती. ताणलेल्या जाळीवर पाखरू आदळलं तर परत फिरतं, सैल जाळी त्याच्या पायाला आणि पंखाला गुंडाळते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण आपला तर धंदाच हा आहे.

"साहेब, जित्ती हाय थे, काढा तिले," चौकीदार फोनवर ओरडत होता. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवलं. पहाटे वनरक्षक आले, त्यांनी टॉवेल टाकून घुबड धरलं आणि मी स्वतः कात्रीनं जाळी कापली. ती वाचली. तिच्या घरट्यासाठी आम्ही तो कोपरा मोकळा ठेवला आणि रोज संध्याकाळी ती उंदीर घेऊन येताना दिसू लागली. आमच्या सरकीच्या गोडाऊनमध्ये उंदरांचा किती त्रास आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला घुबड अशुभ आहे असं कुणी सांगू नये. एकदोन हमाल सुरुवातीला दगड उचलायच्या बेतात होते. त्यातल्याच एका म्हाताऱ्या हमालानं त्यांना थांबवलं. त्याचं घरी तीन एकर शेत आहे.

कबुतरांचं नशीब तसं नव्हतं. नऊ मेली. पाच मोठी, चार पिल्लं. ती वरच वाळली, आणि वास कुठून येतो ते कळेपर्यंत आठवडा गेला.

आता मला सांगा, घाई कशाची होती? कबुतराचं अंडं साधारण अठरा दिवसांत फुटतं आणि पिल्लू महिनाभरात उडतं. घुबडाला जास्त वेळ लागतो, अंड्याला महिना आणि पिल्लाला दोनेक महिने. मे-जूनमध्ये आमची जिन बंदच असते. आपण "साहेब, दसऱ्याआधी करू" म्हणाला असता तर आमचं एका रुपयाचंही नुकसान नव्हतं. रिकामं घर बंद करायचं असतं, आपण भरलेलं घर बंद केलं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणंही येतं, आणि घुबडाला त्या कायद्याचं संरक्षण आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा वेगळाच. त्या पहाटे वनरक्षकांनी विचारलं की ही जाळी कुणी बांधली. शेड आमचं, तेव्हा मान माझी खाली गेली, आपली नाही.

मेलेल्या पाखरांपेक्षा आपल्याला कदाचित पुढचं जास्त लागेल, कारण त्यात पैसे आहेत. सीझन सुरू झाला आणि नोव्हेंबरच्या शेवटी दक्षिणेकडची जाळी भुरभुरायला लागली. बोटांत चुरगळली की निळे-हिरवे तंतू सुटतात. उन्हाला टिकणारा नायलॉन किंवा पॉलिथिलीन असता तर असं झालं नसतं. ही साधी प्लास्टिकची दोरी दिसते. ते तंतू खाली गंजीवर पडतात. पिसं तरी बाया निवडून काढतात, पण वितभर लांबीचे सुटे प्लास्टिकचे तंतू कापसात शिरले की बेल्टवर दिसत नाहीत. ते रुईत जातात, सुतात कातले जातात आणि कापड रंगवलं की तिथं ठिपका राहतो, कारण प्लास्टिक सुताचा रंग धरत नाही. आमच्या धंद्यात त्याला परकीय तंतू म्हणतात आणि सुतळी, गोणपाट, माणसाचे केस, पिसं या सगळ्यांत हा सर्वांत बेकार. सन २००० साली केंद्र सरकारनं कापूस तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. जिनिंग सुधारायचा तिचा एक भागच होता, कारण कापसात मिसळणारी घाण ही जुनी कटकट. आम्ही तेव्हापासून मजुरांना सुती कपड्यांत काम करायला सांगतो, प्लास्टिकची पोती आत येऊ देत नाही, आणि आपण वरून प्लास्टिकचा पाऊस पाडून गेलात. डिसेंबरमध्ये एका गिरणीनं आमच्या दोन लॉटची तक्रार केली. भाव कमी करून ते प्रकरण मिटवावं लागलं.

रेचा हॉलमध्ये आपण जाळी कैच्यांच्या खालून आडवी बांधली, छतासारखी. हे ठिकाण कापसाचं आहे याचा विचारच झाला नाही. रेचे चालू झाले की रुईचे बारीक तंतू हवेत उडतात आणि जाळीवर बसतात. दोन महिन्यांत वर अख्खी पांढरी गादी तयार झाली. तिच्याजवळ दिवे, वायरी, मोटारी. जिनमध्ये एक ठिणगी म्हणजे काय ते विदर्भात कुणाला सांगायला नको. विमा कंपनीचे सर्व्हेअर डिसेंबरमध्ये आले. वर बघून त्यांनी पहिला प्रश्न या गादीबद्दलच विचारला. ती गादी आम्ही रोज बांबूनं झाडतो आणि झाडताना जाळी आणखी फाटते.

आत आडवी जाळी हवीच कशाला? पाखरं येतात ती वाट बंद करायची: पत्र्याच्या कडेची फट, पन्हाळीखालची जागा, झरोके, वरच्या फिरत्या पंख्यांचे गळे. तिथं बाहेरून जस्ती तारेची जाळी, आत काहीच नको. कबुतरासाठी जाळीचा डोळा, म्हणजे भोक, ५० मिलिमीटरचं चालतं. पण त्यातून चिमणी सरळ आत येते, तिच्यासाठी १९ मिलिमीटर लागतो. आपण सगळीकडे एकच माप बांधलं, म्हणून कबुतरांचा अर्धा त्रास कमी झाला आणि चिमण्या रेचा हॉलमध्ये वाढल्या. चिमण्यांवर आमचा राग नाही. ऑफिसच्या पडवीत त्यांच्यासाठी उन्हाळाभर पाण्याचं मडकं टांगलेलं असतं. त्या पडवीत राहोत, हॉलमध्ये नकोत, एवढंच.

कोटेशनमध्ये नसलेल्या दोन गोष्टी आपल्या प्रतिनिधींनी वर विकल्या, त्यांच्याबद्दल थोडक्यात. पहिली म्हणजे अल्ट्रासाउंडची चार यंत्रं, प्रत्येकी ३,२०० रुपये. माणसाला ऐकू येत नाही, पाखरं मात्र पळतात, असं सांगितलं. गावातल्या शाळेच्या विज्ञानाच्या सरांना दाखवलं तर ते हसले. पाखरांचे कान आपल्या कानांसारख्याच पट्टीतले असतात. २०,००० हर्ट्झच्या वरचा आवाज वटवाघळाला ऐकू येईल, कबुतराला नाही. आणि तसंही, दोन डझन डबल रोलर रेच्यांच्या गडगडाटात जे कबूतर डोळे मिटून बसतं, ते डबीभर यंत्राला काय भिणार? एका यंत्रावर कबूतर बसल्याचा फोटो सोबत जोडला आहे. मालकांनी तो मोबाईलवर सगळ्यांना पाठवला, तेव्हा माझी जरा फजिती झाली.

दुसरी, ऑफिसच्या खिडकीच्या कडेला लावलेला चिकट जेल. त्यात एक चिमणी चिकटली. चौकीदाराच्या बायकोनं गोडं तेल लावून लावून तासाभरानं सोडवली. त्याच दिवशी मी तो जेल खरवडून टाकला. प्लास्टिकचे काटेही लावले होते. कबुतरांनी त्यांच्यातच काड्या अडकवून घरटं बांधलं, आता काटे म्हणजे त्यांना फुकटचा पाया.

एक गोष्ट पत्रात लिहू की नको असा विचार करत होतो. आपल्या त्या चार पोरांतलं एक सिमेंटच्या पत्र्यावर दोर न बांधता चढलं. पत्रा फुटला आणि पोरगं कंबरेपर्यंत खाली आलं. कैचीला धरून लटकलं म्हणून वाचलं. खालून आमच्या हमालांनी उचलून उतरवलं. पोरगं अठराचं तरी असेल की नाही शंका. त्याच पोरांनी वाळलेली विष्ठा कोरडीच खरडून झाडूनं लोटली, तोंडाला साधा रुमालही नव्हता. ती धूळ छातीत गेली तर बुरशीचा आजार होऊ शकतो, म्हणून आधी पाणी मारून ओली करायची आणि मास्क लावायचा असतो, हे आपल्या माणसांना आपण सांगितलेलं नव्हतं. पाखरांना मारायचं नाही ही अट लिहून घेतली, तेव्हा पोरांना मारायचं नाही असंही लिहून घ्यायला पाहिजे होतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

आमच्या वकिलांनी सांगितलं की धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक आयोगात ग्राहक म्हणून उभं राहणं अवघड आहे. तेव्हा त्या धमकीत मी वेळ घालवत नाही. कोटेशन हा आपला-आमचा करार आहे आणि त्यावर आपल्या प्रतिनिधींची सही आहे.

रेचा हॉलमधली जाळी आठ दिवसांच्या आत उतरवून न्यावी. फाडून नव्हे, खाली ताडपत्री अंथरून, म्हणजे तंतू आणखी पडणार नाहीत. सीझन चालू असताना त्यासाठी आम्ही एक रविवार मशीन बंद ठेवू. यंत्रांचे १२,८०० रुपये परत करावेत. ७४,००० रुपये बाकी आहेत ते, वर सांगितलेलं बाहेरचं काम योग्य मापाच्या तारेच्या जाळीनं पूर्ण झाल्यावरच मिळतील, त्याआधी नाही. ते काम सीझन संपल्यावर, एप्रिलनंतर करा. दोन लॉटमध्ये आम्हाला भाव सोडावा लागला त्याची बिलं पाठवतो आहे, त्यावर आपण काय ठरवता ते लेखी कळवा. पाहणीला अनुभवी माणूस पाठवा आणि मी सोबत असल्याशिवाय एकही फट बंद करू नका. प्रेस हॉलचा तो कोपरा सोडून द्यायचा आहे. घुबडं पुन्हा बसली आहेत.

येताना शिडी आणू नका, लोखंडी मचाण आमच्याकडे आहे. कंबरेचे दोर मात्र प्रत्येक पोरामागे एक असे आणा.

आपला,
व्यवस्थापक, जिनिंग-प्रेसिंग विभाग

सोबत: कोटेशनची प्रत, आगाऊ रकमेची पावती, जाळीचे तंतू (पाकिटात), फोटो ११, गिरणीचं पत्र व बिलं