काकांच्या तपासण्यांचा दिवस

नाशिक,
रविवार, रात्री

प्रिय सुनंदा,

तुझा मेसेज वाचला. गुरुवारी काकांना पंचवटीतून मुंबई नाक्याला न्यायचं. उपाशीपोटी रक्त, पोटाची सोनोग्राफी, ईसीजी, जेवणानंतरची शुगर आणि शेवटी डॉक्टर. ७८व्या वर्षी एवढं सगळं एका दिवसात म्हणजे जीव दमतो गं. फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवतेय.

आधी एक विचारून बघ, तपासण्या बुधवारी उरकून डॉक्टरांकडे गुरुवारी जाता येईल का? सकाळची ओपीडी संपत येते तेव्हा कुठे रिपोर्ट हातात पडतात, आणि मग माणूस संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहतो. लॅबवाले घरी येऊन रक्त नेत असतील तर तेही कर. थकवा सुईचा नसतो, बसून राहण्याचा असतो.

एकाच दिवशी करायचं ठरलं तर क्रम चुकू देऊ नकोस. आदल्या रात्री साडेआठ-नऊला साधं जेवण. त्यानंतर फक्त पाणी, आणि ते भरपूर. उपाशी म्हणजे पाणीही नाही असं समजून म्हातारी माणसं कोरडी राहतात, मग शीर सापडत नाही आणि तीन-तीनदा टोचावं लागतं. बीपीची गोळी सकाळी नेहमीसारखी, दोन घोट पाण्यासोबत. शुगरची गोळी किंवा सकाळचं इन्सुलिन मात्र रिकाम्या पोटी नको, ते डब्यासोबत ने. रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन असेल तर किती घ्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचार.

तिथे पोचलात की आधी रक्त, लगेच सोनोग्राफी, मग नाश्ता. सोनोग्राफीआधी चहासुद्धा नको. काही खाल्लं-प्यायलं की पित्ताशय आकसतं, पोटात गॅस होतो, आणि डॉक्टरांना नीट दिसत नाही. काकांचं प्रोस्टेट बघायचंय, म्हणजे लघवीची पिशवीही भरलेली लागणार. तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी सांगतात. पण काकांना लघवी फार वेळ धरवत नसेल, तर काउंटरवर तसं स्पष्ट सांग आणि नंबर जवळ आल्यावरच पाणी दे. पिशवी तटतटून भरली तर नंतर ती नीट रिकामी होत नाही, आणि ‘लघवी मागे उरते’ असा आकडा उगाच मोठा येतो.

नाश्त्याला रोजचंच, पोळीभाजी किंवा उपमा, सोबत त्यांची गोळी. पहिला घास तोंडात गेला ती वेळ कागदावर लिही. दोन तास तिथपासून मोजायचे, नाश्ता संपल्यापासून नाही. पावणेनऊला सुरू केलं तर पावणेअकराला रक्त. मधे बिस्कीट नाही, चहा नाही. ईसीजी या दोन तासांत उरकून घे.

रक्त घेतल्यावर कोपरात हात दुमडू देऊ नकोस, कापूस सरळ हातावर पाच मिनिटं दाबून धर. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आणखी थोडा वेळ. नाहीतर दुसऱ्या दिवशी हात काळानिळा.

उपाशी असताना घाम फुटला, हात थरथरले, काका असंबद्ध बोलायला लागले, तर नंबर जाईल म्हणून थांबू नकोस. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दे. चॉकलेट-बिस्किटातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. १५ मिनिटांनी पुन्हा शुगर बघ, ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट कॅज्युअल्टीत.

कपडे म्हणजे पुढे बटणं असलेला, सैल बाह्यांचा शर्ट. ईसीजीला छाती उघडी करावी लागते आणि बीपीचा पट्टा दंडाला बांधतात. आणि नाडीचा लेंगा नको, इलॅस्टिकचा दे. घाईची लागलेली, बोटं थरथरतायत आणि नाडीची गाठ सुटत नाही, यासारखी लाज काकांना दुसरी वाटणार नाही. एक जादा जोड, चष्मा, कानाचं मशीन, कवळीची डबी बरोबर ठेव.

सकाळी सातच्या आत निघा. आठनंतर वाटेतल्या द्वारका चौकात अडकलात तर अर्धा तास तिथेच. गाडीत आधी पाठमोरं बसवायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. सीटवर प्लास्टिकची पिशवी टाकलीस तर गुडघा न पिळता अंग सहज वळतं, वळून झालं की पिशवी काढून घे. व्हीलचेअरवर उठताना-बसताना ब्रेक लावलेला आणि पाय ठेवायच्या पाट्या वर दुमडलेल्या हव्यात. पाटीवर भार देऊन उठलं की खुर्ची पुढे उलटते. उतारावर तू खाली राहा आणि खुर्ची उलटी उतरव. तपासणीच्या टेबलावरून उठल्यावर दोन मिनिटं कडेला पाय सोडून बसू दे. एकदम उभं राहिलं की बीपी उतरतं आणि चक्कर येते.

दोघं जा. एकाने काकांपाशी बसायचं, दुसऱ्याने बिल, रिपोर्ट, नंबर बघायचे. फाइलमध्ये नवा कागद वर. औषधांची यादी नको, स्ट्रिपाच ने. सत्तरीपुढच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढून घे, आधार पुरतं, उत्पन्नाची अट नाही. ते ॲडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी आहे, ओपीडीला चालत नाही.

डॉक्टरांसमोर आधी काकांना बोलू दे, राहिलेलं तू सांग. आजार त्यांचा आहे, त्यांच्या डोक्यावरून चर्चा नको. चिठ्ठी हातात आली की एक गोष्ट नक्की विचार, यातली जुनी कुठली गोळी बंद? ब्रँड बदलला की तेच औषध दोन नावांनी घरात येतं आणि दोन्ही चालू राहतात. म्हणून स्ट्रिपांवरची बारीक अक्षरातली औषधाची नावं तिथेच ताडून बघ.

परत आल्यावर दोन जिने आहेतच. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा. चढताना तू त्यांच्या मागे, एक पायरी खाली. सकाळी निघतानाच मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवून जा.

तुझी,
मीना