सूज उतरली तरी गोळी सोडू नकोस

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "आते बरं शे." आणि पाठोपाठ बाबांनी सांगितलं, की दोन सोमवार आमवाताची गोळी दिलीच नाही, सूज उतरली आहे तर कशाला उगीच. तेव्हा मला धड बोलता आलं नाही, गळा दाटून आला. म्हणून लिहायला बसले. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा.

मागची आखाजी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. चूल पेटलेली, उलटं खापर तापलेलं, पुरण तयार, आणि आई उंडा हातात घेऊन नुसती उभी. जी बाई पोळी हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी करून अलगद खापरावर टाकायची, तिला मूठ वळत नव्हती. दोन्ही हातांची बोटं मुळाशी फुगलेली, मनगटं गरम. तरी तू म्हणालीस, रात्री कपडे गार पाण्यात धुतले ना, म्हणून आखडलेत.

आई, गार पाण्याने हे झालं नाही. चाळीस वर्षं कापूस वेचलास म्हणूनही नाही. नुसता वातही नाही आणि वयही नाही. वयाने झिजणारे सांधे वेगळे. त्यात सकाळचा आखडलेपणा थोडं चाललं-फिरलं की बहुधा अर्ध्या तासात सुटतो. तुझी बोटं उन्हं वर आली तरी सुटत नव्हती. हा आमवात, डॉक्टर ज्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. बायकांना तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो.

सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. निरोगी असताना ते पेशींच्या जेमतेम दोन-तीन थरांचं असतं आणि सांध्याला वंगण पुरवतं. रोगजंतू शिरला की त्याच्याशी लढायला आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या टी पेशी आपलं कोण, परकं कोण ते ओळखतात आणि हुकूम सोडतात. बी पेशी प्रतिपिंडं, म्हणजे परक्याला चिकटून अडवणारी प्रथिनं, बनवतात. मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी जंतूंना गिळतात. आमवातात टी पेशींची ओळखण्यातच चूक होते. शरीरातल्या काही प्रथिनांमध्ये बारीकसा बदल झालेला असतो, तेवढ्यावरून त्या आपल्याच प्रथिनाला परकं ठरवतात. मग बी पेशी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवत सुटतात. तुझ्या रिपोर्टवर 'अँटी-सीसीपी' म्हणून जो आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता, तो त्यांचाच. ही प्रतिपिंडं दुखणं सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीही रक्तात सापडतात. म्हणजे तू ठणठणीत असताना, वेचणीला जात असतानाच आत हे सुरू झालेलं असेल.

पुढचं काम मॅक्रोफेज करतात. त्या टीएनएफ आणि आयएल-६ नावाची रसायनं सोडतात. त्यांनी अस्तर सुजतं, जाड होतं, कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर, चढतं. तुझं हिमोग्लोबिन उतरलं होतं, भाकरी थापून झाली की तुला बसावंसं वाटायचं, तेही बऱ्याच अंशी याच रसायनांमुळे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांच्या सांगण्यावरून हाड कुरतडणाऱ्या पेशी जाग्या होतात. जुनं हाड काढून नव्याला जागा करणं हे एरवी त्यांचं रोजचं काम, पण इथे त्या चांगलं हाड खातात. कुंपणानेच शेत खावं तसं. सूज उतरते, आई, पण खाल्लेलं हाड सहसा भरून येत नाही.

आपले सहा महिने तर आजार ओळखण्यातच गेले. जिथे पहिल्यांदा दाखवलं तिथे फक्त दुखण्याची गोळी मिळाली. मग कोणीतरी बाजारातली पुडी आणून दिली. चार दिवसांत आराम पडला आणि महिन्याभरात तुझा चेहरा गोल, सुजल्यासारखा झाला. त्यात स्टेरॉइड असणार, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मी इथे पुण्यात रोज लोकांच्या रक्ताच्या नळ्या तपासते, आणि माझ्या आईचं रक्त तपासायला अर्धं वर्ष लागलं. हे मला अजून सलतं.

बाबा, आता तुमच्याशी. तुमच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे ना? आपल्या देशात देवीचा शेवटचा रोगी 1975 साली सापडला. रोग गेला, पण त्या लसीने तयार झालेल्या स्मृतिपेशी तुमच्या अंगात अजूनही असतील. या पेशी पन्नास पन्नास वर्षं लक्षात ठेवतात. त्यांचा तो गुणच आहे. आईच्या पेशींनी मात्र चुकीची गोष्ट लक्षात ठेवली आहे. सूज उतरली म्हणजे त्या विसरल्या असं नाही, गोळीने त्यांना आवरून धरलं आहे. गोळी सुटली की बहुतेकांची सूज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते.

मेडिकलवाला म्हणाला, ही कॅन्सरची गोळी आहे. खरं आहे, मेथोट्रेक्सेट कॅन्सरलाही देतात, पण कितीतरी मोठ्या मात्रेत. आमवातासाठी ती आठवड्यातून एकदाच, थोडीशी, चवताळलेल्या पेशी शांत करायला. आणि ती ज्या संशोधनातून आली, त्यात अमेरिकेत काम करणारे आपले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आंध्रातल्या भीमावरमचे. गोळ्यांनी पुरेसं आवरलं नाही तर टीएनएफ अडवणारी इंजेक्शनंही आहेत. लंडनमध्ये 1992 साली ती पहिल्यांदा रुग्णांना देऊन पाहिली, त्या दोघा डॉक्टरांपैकी रविंदर मैनी लुधियानात जन्मलेले. मात्र त्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते. पण तो विचार आज नको.

आज एवढंच करा. सुटलेल्या दोन सोमवारांच्या गोळ्या भरून काढायला एकदम घेऊ नका. उद्याच डॉक्टरांना फोन करून विचारा आणि ते सांगतील तशी पुन्हा सुरू करा. फक्त सोमवारी. रोज कधीही नाही, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच. यकृताची आणि रक्ताची तपासणी या महिन्यात राहिली आहे, ती करून रिपोर्टचा फोटो पाठवा. तोंड आलं, ताप आला किंवा खोकला हटेना झाला तर वाट न बघता त्यांना कळवा. पुढे गोळी कमी करायची का, तेही तेच ठरवतील, आपण नाही.

आणि आई, रोज सकाळी उठल्यावर मूठ वळवून बघ. किती वळते त्याचा फोटो बाबा काढतील. सोमवारी रात्री जेवणं झाली की मी फोन करते. गोळी माझ्याशी बोलता बोलताच घे.

तुमची,
रेखा