नव्या भिडूंना स्पॅनिशमध्ये काय म्हणशील?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

माद्रिदच्या टीममध्ये पाच नवी माणसं येतायत आणि त्यांच्या स्वागताची मेल तुझ्याकडे आलीय, हे वाचलं. तीच मेल मेक्सिकोच्या ऑफिसलाही जाणार, म्हणून लगेच लिहितेय. एकच शब्द इकडे साधा तर तिकडे बोचरा, असं स्पॅनिशमध्ये फार होतं.

सगळ्यात बिनधोक शब्द 'इंतेग्रांते', म्हणजे गटातला सदस्य. 'नुएबोस इंतेग्रांतेस देल एकीपो', म्हणजे टीमचे नवे सदस्य, दोन्हीकडे चालतं. तो बाई-पुरुष दोघांना एकच, बदलतं ते भोवतालचं: पाचही मुली असतील तर 'नुएबास', एक जरी मुलगा असला तरी व्याकरणाने 'नुएबोस'. 'मिएम्ब्रो', म्हणजेही सदस्यच, चांगला, पण बाईसाठी त्याचं 'मिएम्ब्रा' करू नकोस. 2008 मध्ये स्पेनच्या समानता खात्याच्या मंत्री बिबियाना आयदो संसदेत 'मिएम्ब्रास' म्हणाल्या आणि त्यावरून मोठा वाद झाला. बाईसाठी 'ला मिएम्ब्रो' म्हणावं.

मेलच्या विषयाच्या ओळीत माद्रिदची मंडळी 'नुएबास इंकोर्पोराथिओनेस', म्हणजे नव्याने रुजू झालेले, लिहितात, तेही छान. 'इंकोर्पोराथिओन' हा शब्द मुळातच स्त्रीलिंगी, त्यामुळे रुजू होणारा पुरुष असला तरी 'ला नुएबा'च. तिथे चूक समजून 'नुएबो' करायला जाऊ नकोस.

'रेक्लूता' टाळ. मेक्सिकोत भरतीला 'रेक्लूतामिएंतो' म्हणतात खरं, पण 'रेक्लूता' म्हणजे सैन्यात भरती झालेला जवान. 'फिचाखे' फुटबॉलमधला, नवा खेळाडू करारबद्ध करण्याचा. गप्पांत गोड, मेलमध्ये नको. 'नोबातो' म्हणजे आपला नवखा, आणि 'नोबातादा' म्हणजे नवख्याचं रॅगिंग. पहिल्याच दिवशी हा शब्द कोणाच्या माथी मारू नये.

खरी गडबड मदतनिसांच्या नावांत आहे. 'आसिस्तेंते' म्हणजे सहायक, पण 'आसिस्तीर' म्हणजे हजर राहणं. म्हणून मीटिंगच्या निमंत्रणात 'लोस नुएबोस आसिस्तेंतेस' लिहिलंस, तर वाचणारा 'बैठकीला येणारे नवे लोक' असं समजेल. शिवाय सहायक बाईला 'ला आसिस्तेंते'च म्हण. शेवटचा 'ए' जाऊन 'आ' आला की स्पेनमध्ये ती घरकाम करणारी बाई होते. 'आयुदांते' घेतलास तर पुढे 'दे' लावून काम सांग: 'आयुदांते दे कोसीना', स्वयंपाकघरातला मदतनीस. नुसता 'आयुदांते' म्हणजे कशातला, असा प्रश्न उरतो.

आणि 'पिंचे'! स्पेनमध्ये हा नोकरीच्या जाहिरातीत छापला जाणारा सरळ शब्द, स्वयंपाकघरातल्या हाताखालच्या माणसासाठी. मेक्सिकोत ती शिवी आहे. दोन्हीकडे जाणाऱ्या कागदात तो कधीही येऊ देऊ नकोस.

शिकाऊ मुलांना स्पेनमध्ये 'बेकारिओ' म्हणतात. आपल्या 'बेकार'शी त्याचा काही संबंध नाही, तो 'बेका' म्हणजे शिष्यवृत्तीवरून आला. मेक्सिकोत 'प्राक्तिकांते' जास्त कानावर येतो, पण स्पेनमधल्या वयस्क माणसाला त्यावरून इंजेक्शन देणारा आठवतो. 'एन प्राक्तिकास', म्हणजे शिकाऊ म्हणून काम करणारे, लिहिलंस की दोघांनाही कळेल.

'कोलाबोरादोर', म्हणजे शब्दशः सहयोगी, याचंही तसंच. मेक्सिकोतल्या कंपन्या आपल्या नोकरवर्गाला सर्रास तसं म्हणतात. माद्रिदला मात्र त्यातून बाहेरून काम करणाऱ्याचा भास होतो, आणि कायम नोकरीवर आलेल्या माणसाला ते लागेल.

मेल पाठवण्याआधी मेक्सिकोतल्या एखाद्या सहकाऱ्याला एकदा मोठ्याने वाचायला लाव. पाचांत मुली किती, मुलगे किती, ते कळव.

तुझी,
आई